कोऱ्या चादरी

उष्माघात कक्षाची किल्ली नुजहत सिस्टरच्या खिशात होती आणि विमलताई बाहेर व्हरांड्यात, फरशीवर पडल्या होत्या.

"सिस्टर, आत घ्या न तिले," रामराव म्हणाले. बायकोचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं. "आंग लय तापलं."

"रामभाऊ, थोडं थांबा. कमिटी येऊन राह्यली. आत कोऱ्या चादरी हायत."

थोडं थांबा! ते शब्द तिला पुढे कितीतरी दिवस ऐकू येणार होते.

मुकुटबनजवळच्या या आरोग्य केंद्राची त्या दिवशी 'हरित केंद्र' म्हणून तपासणी होती. डॉक्टरसाहेब कमिटीला आणायला फाट्यावर गेले होते. धूर ओकणारं डिझेलचं जनरेटर बंद होऊन छतावर सोलर बसलं होतं. त्यावर कक्षातले दोन कुलर चालायचे. उरलेल्या छताला चुना मारायचा, म्हणजे वीज न जाळताही खोली थंड. नुजहतने दोन महिने यात जीव ओतला होता. काम खरंच चांगलं होतं. फक्त कमिटी येईस्तोवर चादरी कोऱ्या राहाव्यात म्हणून खोलीला तिने तेव्हापासूनच कुलूप घातलं होतं. ऊन लागलेली माणसं व्हरांड्यातच सलाईन लावून घ्यायची अन् घरी जायची. कोणी तक्रार केली नाही. मळक्या पायांनी त्या खोलीत जायचा त्यांनाच संकोच वाटायचा.

आज सकाळपासून तिची नुसती धावपळ चालली होती. छतावर चुना मारणाऱ्यांनाही तिने खालूनच आवाज दिला होता, "हात उचला जरा! बाराच्या आत झालं पायजे. कोपरा सुटला नाही पायजे!" वर पाहायला तिला फुरसत नव्हती. मे महिन्याच्या उन्हात वर पाहवतही नव्हतं.

"सिस्टर," रामरावांचा आवाज फाटला, "मले वळखत नाही हे."

नुजहत खाली बसली. विमलताईंच्या अंगाला घामाचा थेंब नव्हता. डोळे उघडे होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं. बाई हातची चालली होती, आणि आपण चादरी सांभाळत बसलो. तिला स्वतःची किळस आली. तिने कुलूप उघडलं.

दोघांनी विमलताईंना उचलून पहिल्या खाटेवर ठेवलं. ओले कपडे, काखेत बर्फ, सलाईन, दोन्ही कुलर चालू. कोऱ्या चादरीवर टाचांचे पांढरट डाग उमटले. अर्ध्या तासाने विमलताईंनी नवऱ्याला नावाने हाक मारली आणि पाणी मागितलं. रामराव लहान पोरासारखे रडले.

कमिटी दारात आली ती तेव्हा. कमिटीच्या साहेबांनी कक्षाचं रजिस्टर चाळलं. "दोन महिन्यांत एकही रुग्ण नाही? वा!"

डॉक्टरसाहेब हसले. नुजहतची मान वर होईना.

"रुग्ण होते साहेब," ती म्हणाली. "व्हरांड्यात होते. कुलूप मी लावलं होतं."

साहेबांनी रजिस्टर तिच्या हातात दिलं. ती खाटेजवळ बसून पहिली ओळ भरू लागली. नाव, वय, गाव. पुढचा रकाना होता, ऊन कुठे लागलं. बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हापासून स्वतःची शेती असलेल्या बायकाही रोजाने जात होत्या. विमलताई कोणाच्या वावरात कापसाची वाळलेली पऱ्हाटी उपटायला गेल्या असतील, असं तिने धरलं.

"कोणाच्या वावरात गेलत्या, रामभाऊ?"

पाच एकराचे मालक असलेल्या रामरावांनी मान खाली घातली.

"वावरात नाही, सिस्टर. हे याच खोलीच्या छतावर होती. उतर म्हणलं मी तिले, तर म्हणे, सिस्टरनं सांगितलं हाय, कोपरा सुटला नाही पायजे."