दुसऱ्याच्या नावावर

"यादीत तुमचं नाव नाही," मेजर म्हणाले. "त्या छावणीतल्या एकूण एक कैद्याचं नाव आहे. तुमचंच नाही. मग तुम्ही तिथे होता, हे मानायचं कशावरून?"

समोरच्या कपाटाचं कुलूप उलटं बसवलेलं होतं, कुलूपवाला तेच बघत बसला. शेजारी बसलेल्या मुलीने त्याला कोपराने ढोसलं. ती इस्पितळात नर्स होती. रजा टाकून बापाबरोबर आली होती.

"बाबा, बोला ना. आता नाही तर कधी बोलणार?"

सैन्याच्या दप्तरी त्याच्या नावापुढे 'फरारी' असा शेरा होता. लढाई चालू असताना चौकी सोडून पळाला, आणि युद्ध संपल्यावर तोंड वर करून घरी आला, असा त्याचा अर्थ. गल्लीतली पोरं त्याला 'पळपुटा' म्हणायची. ती पोरं आता बाप झाली होती आणि त्यांची पोरंही तेच म्हणत होती. त्याने कधी मनावर घेतलं नाही. मुलीने घेतलं. अर्जांवर अर्ज करून तिने ही सुनावणी मिळवली होती. ही शेवटची. यानंतर प्रकरण बंद होणार होतं आणि तो शेरा कायमचा राहणार होता.

खरी गोष्ट साधी होती, आणि ती त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. चौकीवर दोघेच उरले होते, तो आणि त्याचा दोस्त. दोस्ताला गोळी लागली. याच्या मांडीवर डोकं ठेवून तो म्हणाला, "आईला कळू देऊ नकोस. ती एकटी आहे, तिला झेपायचं नाही." आणि गेला. थोड्याच वेळात शत्रूने याला पकडलं, नाव विचारलं. याचे आईबाप लहानपणीच गेलेले, लग्न अजून व्हायचं होतं. वाट बघणारं घरी कुणीच नाही. त्याने दोस्ताचं नाव सांगून टाकलं. निदान त्या माउलीला मुलगा जिवंत आहे, कैदेत आहे, एवढं तरी वाटेल. फार विचार करून केलं होतं अशातला भाग नाही. तोंडातून निघून गेलं, आणि मग जन्मभर निस्तरावं लागलं.

युद्धाच्या शेवटी शेवटी पहारेकरीच पळून गेले आणि कैदी आपापल्या पायांनी घरी आले. हा आधी दोस्ताच्या आईकडे गेला. परतीच्या वाटेवर तापाने गेला, त्रास झाला नाही, असं तिला सांगितलं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तेव्हापासून हा दर आठवड्याला तिच्याकडे जाई. दाराची कडी, खिडकीच्या बिजागऱ्या, जे काही कुरकुरत असेल त्यात तेल घाली. निघताना कैदेतली एखादी गोष्ट सांगे. दोस्त पहारेकऱ्यांची कशी नक्कल करायचा, कसा बेसूर गायचा. सगळ्या शुद्ध थापा. आज खरं बोलायचं म्हणजे ते सगळं त्या म्हातारीकडून हिसकावून घ्यायचं. ते त्याच्याच्याने होणार नव्हतं.

"तुमचा दोस्त त्या छावणीत होता, असं अर्जात लिहिलंय," मेजर म्हणाले. आवाज कडक होता, पण माणूस वाईट नव्हता. "त्याचं नाव यादीत आहे. म्हणून आम्ही त्याच्या आईंना बोलावलंय. त्यांना काही माहीत असेल तर बघू."

दार उघडलं. आधी काठी आत आली, मग म्हातारी. कुलूपवाला ताडकन उठला.

"साहेब, आईंना काही विचारू नका. मी अर्ज मागे घेतो. लिहा, मी पळालो होतो."

"बाबा!" मुलगी रडकुंडीला आली.

"खाली बस," म्हातारी त्याला म्हणाली. "या वयात एवढं ओरडायचं नसतं." ती खुर्चीत टेकली. मग मेजरांकडे वळली. "हा पळाला नव्हता, साहेब. हा माझ्या मुलाच्या नावावर कैदेत होता."

कुलूपवाला उभाच राहिला. बस म्हटलेलं त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

"छावणीतून पत्रं लिहू देत नव्हते," ती सांगू लागली. "मदतसंस्थेचा माणूस यायचा. वस्तू न्यायचा, तोंडी निरोप आणायचा. पहिल्या हिवाळ्यात मी स्वेटर पाठवला. निरोप आला, आई, स्वेटर छान आहे, पण बाह्या आखूड पडतात, पुढच्या वेळी चार बोटं वाढव. माझा मुलगा ठेंगणा होता हो. त्याच्या बाह्या मी कायम दुमडून द्यायची. तेव्हाच समजले, माझा गेला. सुया बाजूला ठेवल्या आणि पोटभर रडून घेतलं. युद्ध संपल्यावर हा दारात येऊन उभा राहिला. मी याच्या तोंडाकडे नाही बघितलं, हातांकडे बघितलं. हे एवढे लांब."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, आजी?"

"हा माझ्या मुलाच्या गोष्टी सांगायचा. खोट्या होत्या, पण ऐकाव्याशा वाटायच्या. याला वाटायचं, मी म्हातारीला सांभाळतोय. म्हटलं, वाटू दे. त्यापायी याला लोक पळपुटा म्हणतात, हे मला कुठे माहीत होतं? काल तुमचा माणूस बोलवायला आला, तेव्हा कळलं."

कुलूपवाला मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. मुलगी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिचेही डोळे गळत होते.

मेजरांनी लेखनिकाला शेरा खोडून 'युद्धकैदी' लिहायला सांगितलं. मग खुर्ची जरा पुढे ओढली.

"आजी, हे कामकाजात नाही, असंच विचारतो. त्या निरोपानंतर पुन्हा स्वेटर पाठवलात?"

"पाठवला की. चार बोटं वाढवून. दर हिवाळ्याला."

"तो आपला मुलगा नाही, हे कळल्यावरसुद्धा?"

म्हातारीने मेजरांकडे नवलाने बघितलं.

"आपला नव्हता म्हणून काय त्याला थंडी कमी वाजत होती?"