पतीशी जुळत नाही

“आई, तुझ्या अंगातला विषाणू आला कुणाकडून गं?”

मैत्रिणींनी ‘विचारून दाखव’ अशी पैज लावली होती, म्हणून तन्मयीनं नाश्त्यालाच विचारून टाकलं. बाबांचा चमचा पोह्यांत थांबला.

आईला पाचवा महिना होता. गरोदरपणात शरीराचा पहारा ढिला पडतो आणि वर्षानुवर्षं झोपलेले विषाणू जागे होऊ शकतात, हे काही नवं नव्हतं. नवी होती ती चाचणी. विषाणू मुळात कुणाच्या अंगातून आला, तेही ती शोधायची. बाळ सुखरूप होतं; पण अहवालात छापलं होतं, ‘पतीशी जुळत नाही.’ तेव्हापासून बाबा आईशी कामापुरतंच बोलत होते.

“मला खरंच माहीत नाही,” आई म्हणाली.

“हो का? मग काय वाऱ्यावर आला?” बाबांनी टोमणा मारला.

तन्मयीनंही मनातल्या मनात आईच्या ऑफिसातल्या सगळ्या काकांची हजेरी घेतली होती. तेवढ्यात आईनं तिची अर्धवट टाकलेली बशी ओढली आणि उरलेले पोहे खायला घेतले.

“आई! मी बालवाडीत असतानाही माझं उष्टं खायचीस?”

“रोज. लेकराचं उष्टं टाकतं का कुणी?”

“बाबा, हा विषाणू लाळेतून पसरतो! बालवाडीतून मीच आणला असणार!”

“असणार म्हणजे नक्की नाही,” बाबा पुटपुटले.

तन्मयीनं दप्तर खाली ठेवलं. “मग आज शाळा नाही. मी माझी लाळ तपासायला देणार. आणि जुळली ना बाबा, तर आपण दोघांनी आईची माफी मागायची. हो, मीसुद्धा.”