हवा साफ करणारी मशीन

लाल.

दुर्गेश्वरीने हर्षाच्या मानेखालची उशी उंच केली आणि पुन्हा मशीनकडे पाहिलं. दिवा लालच होता. तिने बटण दाबून वेग वाढवला. मशीन घरघरली. पोरीची छातीही घरघरत होती. कोणती घरघर कोणाची, हे आता डोळे मिटले की कळत नव्हतं.

"लाल म्हणजे ती काम करून राहिली," ओमेश दारातून म्हणाला. "घाण पकडून राहिली."

"मंग घाण येते कोठून?"

 तिचा नवरा ऑटो पाहायला बाहेर गेला.

घाण येण्यासारखं खोलीत काही उरलंच नव्हतं. पावसाळा लागला तशी मोरीकडच्या भिंतीवर काळी बुरशी उगवली, आणि बुरशीबरोबर हर्षाची ढास. गोंदियाच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. आधी ओल बंद करा. मग भिंत साफ करा. मशीन त्याच्यानंतर, हवेत उडतं तेवढंच ती ओढते, भिंतीतलं नाही. त्यांनी सगळं त्याच क्रमाने केलं. फुटका पाइप बदलला. भिंत विटांपर्यंत खरवडली, नवं प्लास्टर केलं. भिंत वाळली. मग मशीन आली.

हिरवा.

तो दिवस आठवला की दुर्गेश्वरीला अजून बरं वाटायचं. सासरा सुकराम मशीनभोवती नव्या बैलाभोवती फिरावं तसा फिरला होता.

"थंडी हवा देते का रे?"

"थंडी नाही, बाबा. साफ हवा देते." ओमेशने मागचं झाकण काढून आतली पांढरीशुभ्र, बारीक घड्यांची जाळी दाखवली. "हवा याच्यातून गाळून येते."

"म्हणजे कूलरच ना."

"हो, कूलरच समजा," ओमेश हसला.

सगळेच हसले. हर्षाही हसली, आणि खोकली नाही.

सुकरामचा जीव या नातीत अडकलेला. तसा तो कामापुरता बोलणारा माणूस. घरात पाणी घालायची कामं त्याची. बैलांना, तुळशीला, अंगणातल्या पेरूला. उन्हाळाभर हर्षा दुपारची त्याच्याच खाटेवर झोपायची, कूलरच्या झोतात, खसाचा वास घेत. आता ती मशीनजवळ झोपायची. तो दारात उकिडवा बसून तिचा श्वास मोजल्यासारखा बघत राहायचा.

पिवळा.

आधी वास आला. ओल्या मातीचा, मुरलेला. दुर्गेश्वरीने भिंतीला नाक लावलं. तळहात लावला. भिंत कोरडी. तरी सकाळी केर काढताना मशीनखालची फरशी ओलसर लागायची. ती पुसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलसर. इटियाडोह धरणाचं पाणी शेतात भरलं की जमिनीतून ओल वर चढते, असं शेजारीण म्हणाली. दुर्गेश्वरीने हर्षाची खाट भिंतीपासून दूर ओढली. मशीनला अगदी चिकटवली. झोत थेट तोंडावर येईल अशी.

ढास वाढली.

मग तिची नजर पलीकडच्या खोलीतल्या ढोलीवर गेली. बांबूची, शेणामातीने लिंपलेली, वर्षभराचं धान पोटात घेऊन बसलेली. सुकरामच्या बापाच्या हातची. तिने आत हात घातला. धान तिला दमट वाटलं. वाटायचंच होतं.

"मामाजी, तुमची ही ढोली पोरीच्या जिवावर उठली."

 सुकरामने स्वतःच धान पोत्यांत भरलं, पोती गोठ्यात नेली, ढोली अंगणात आणून कोयत्याने फाडली. शेणाचे पोपडे अंगणभर उडाले. हात धुऊन तो दारात आला. चौकटीच्या आत पाय टाकला नाही.

"बाई, आता मी काय करू तिच्यासाठी?"

"काही नका करू. मशीन करून राहिली ना."

त्याने मान हलवली. समजल्यासारखी.

लाल.

लाल.

लाल. ढोली जाऊनही.

आज हर्षाचे ओठ जांभळे दिसले. बाहेर ऑटो येऊन थांबला. ओमेशने पोरीला चादरीसकट उचललं. तिची मान त्याच्या दंडावरून मागे कलली.

"चल, चल लवकर! गोंदियाले पोहोचेपर्यंत..." तो दाराकडे निघाला.

"मशीन बी घेते," दुर्गेश्वरी म्हणाली. "दवाखान्यात हजार लोकांची हवा. तेथे तिच्या उशाशी ठेवू."

"घे, पण लवकर!"

तिने वायर ओढली. घरघर थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खोली गप्प झाली, आणि अंगणातून एकट्या हर्षाचा श्वास ऐकू आला.

तिने मशीन उचलली. आणली होती तेव्हा ती काखेत मावली होती, हलकी. आज जड लागली. पोटाशी धरली तर लुगड्याला गार लागलं. खालून एक थेंब पायावर पडला. मग दुसरा.

मागचं झाकण सैल होतं, रोज कोणी काढून लावावं तसं. ते तिच्या हातात आलं.

आतली जाळी पांढरी नव्हती. काळी होती, मऊ होती, केसाळ होती. खरवडून फेकलेली भिंत घडी करून कोणी आत ठेवली होती.

"दुर्गा!" बाहेरून ओमेश ओरडला.

ती वळली. दारात सुकराम उभा होता, धापा टाकत. विहिरीवरून धावत आला असावा. हातात काठोकाठ भरलेला तांब्या, आणि त्यातलं सांडू नये म्हणून वरून झाकलेला तळहात.

"थांब व बाई," तो म्हणाला, "आज मशीनले पानी टाकाचं राहून गेलं. वाटेत सुकून जाईल."