कराचीची पेटी

टीव्हीवर चारजण भांडत होते, भारत आणि पाकिस्तान कधी एक होऊ शकतील का म्हणून. मी खाली बसून थोरल्या बहिणीसाठी, हलीमाआपासाठी, हापूसची पेटी भरत होते. लग्न होऊन ती कराचीला गेली, तेव्हा मी परकरात होते. यंदा ती अंथरुणाला खिळली होती आणि माझा व्हिसा पुन्हा नाकारला होता.

"बंद कर रे तो टीव्ही," मी माझ्या लेकाला, नासिरला म्हटलं. "एक नको व्हायला. चार दिवस दार उघडा म्हणावं."

दरवर्षीसारखी पेटी पुतण्याबरोबर आधी दुबईला गेली, तिथून कराचीला. मग आपाच्या लेकीचा, सकीनाचा फोन आला.

"खाला, आंबे पोचले. पण अम्मीने एकही खाल्ला नाही."

"नासले काय गो?"

"नाही. शेजारी वाटायला लावले. पेटीतला पेंढा तेवढा उशीत भरून घेतला. म्हणाली, आमच्या शेताचा वास येतो."

"तिला फोन दे बघू."



"अम्मीवर माती इथलीच पडली, खाला. पण मूठभर पेंढा मी कफनात सरकवलाय."