चेहरा ओळखणारं दार

किल्ली हा मानवी प्रगतीच्या वाटेतला शेवटचा धोंडा आहे, असं जावईबापूंचं ठाम मत होतं. म्हणून त्यांनी सासऱ्यांच्या दाराचं जुनं कुलूप भंगारात काढलं आणि चेहरा ओळखून उघडणारी विजेची कडी बसवली. कडीला वीज दिली ती चेहरे ओळखणाऱ्या, खेळातल्या पत्त्याएवढ्या संगणकाच्या पिनेवरूनच.

"अरे, कडीला वेगळा अडॅप्टर दे. एवढा भार त्या पिनेला झेपणार नाही," बायको म्हणाली.

"कडीला पाच व्होल्ट लागतात, पिनेवर पाच व्होल्ट आहेत. यात न झेपण्यासारखं काय आहे?" असं म्हणून त्यांनी प्रात्यक्षिकासाठी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

ते दाराबाहेर लावलेल्या यंत्राच्या पडद्यासमोर उभे राहिले. ‘ओळख पटली’ अशी अक्षरं उमटली, कडी जेमतेम थरथरली आणि यंत्र विझलं. जरा वेळाने आपसूक जागं झालं, पुन्हा ओळख पटली, पुन्हा विझलं. बायकोचा चेहरा दाखवला, सासूबाईंचा दाखवला, तीच गत. आत गॅसवरचा कुकर शिट्ट्या मारू लागला.

"यंत्र हुशार आहे हो," सासरे म्हणाले. "घरचं माणूस दिसलं की मान टाकतं."

"लोड जरा जास्त होतोय, बाबा," जावईबापू म्हणाले.

"तो आम्हाला लग्नापासूनच होतोय."

शेवटी समोरच्या सुताराला बोलावलं. अनोळखी माणसासाठी कडी ओढायची नसल्यामुळे, तो पहारीने चौकट उचकटत होता तेवढा वेळ यंत्र एकदाही विझलं नाही. ‘ओळख पटली नाही, प्रवेश नाही,’ असं ते ठळक अक्षरांत शेवटपर्यंत सांगत राहिलं.