उरलेले दोन पेले

चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे शेवटच्या बाकाशी आला, तसे शांतवनने सवयीने हात मांडीखाली दाबले. नऊ वर्षांपूर्वी त्याने पिऊन चालवलेल्या ट्रॅक्टरखाली रूथमावशींचा मुलगा गेला होता. शिक्षा भोगून परतल्यावर तो चर्चला यायचा, पण द्राक्षरसाचा पेला कधी उचलत नसे.

आज ट्रे खुद्द रूथमावशींच्या हातात होता आणि त्या जागच्या हलेनात.

"घे."

"मावशी, माझी लायकी नाही."

"लायकी बघून मिळत असता, तर पाळकांनाही मिळाला नसता." त्यांचा आवाज कोरडा होता. "मी तुला क्षमा केलेली नाही. जमतच नाही. म्हणून नऊ वर्षं मीही पेला घेतलेला नाही. माणसं मोजून पेले भरतात. आधी एक उरायचा, तू सुटून आल्यापासून दोन उरतात. घे आता, हात भरून आला माझा."

त्याने पेला उचलून ओठाला लावला. आत काहीच हललं नाही. रस गोड आहे, एवढंच जिभेला कळलं.

मावशींनी ट्रे त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्याच्यासमोर हात पसरला.

"आता मला तू दे."