माल्टाचा इतिहास

सुगंधा जाऊन आठ महिने झाले, पण दहा वर्षांच्या रेवाने एकदाही आईचं नाव काढलं नव्हतं. शाळेतून आली की मैत्रिणींशी फोनवर इंग्रजीत खिदळत बसायची. पोर आईला विसरत चालली, अशी धनंजयला भीती वाटायची. विचारायचा धीर होत नव्हता. "आठवत नाही" म्हणाली तर?

आज जेवताना ती त्याला शाळेतलं भाषण समजावत होती.

"बाबा, माल्टा आयलंडवर आधी अरब होते. मग ते गेले. मग नाइट्स आले, मग फ्रेंच, मग ब्रिटिश. एव्हरी टाइम सगळं चेंज झालं."

"म्हणजे गेलेल्यांचं काहीच उरलं नाही?" धनंजयने विचारलं.

"उरलं ना. तिकडची लँग्वेज अजून अरबीसारखीच आहे."

"इतक्या वर्षांनी? कशी काय?"

"झालं सुरू! वकीलसाहेब, आधी भात गिळा, गार झाला की मला बोलायचं नाही," रेवा म्हणाली आणि पुन्हा तिच्या कागदात डोकं घातलं.

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत त्याला वकीलसाहेब म्हणणारं घरात एकच माणूस होतं. धनंजयने भात कालवला.